गुंतवळ मोजणारीस

पत्र असं आहे:

"मावशी, मी ३८ वर्षांची, इंदूरला सुदामानगरात राहते. सहा वर्षांपासून लुपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. दोन वर्षांपूर्वी तो किडनीपर्यंत गेला होता, आता किडनी ठीक आहे. एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन), प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड चालू आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आजार पुन्हा उसळला, ताप आला, दहा दिवस दवाखान्यात होते. दिवाळीपासून केस मुठीमुठीनं जाताहेत. रोजचं गुंतवळ मी वर्तमानपत्रावर पसरून मोजते. परवा न्हायले त्या दिवशी २१० निघाले. डोक्याला खाज आहे, कोंडा आहे, आणि टाळूच्या जरा मागे रुपयाएवढा लाल चट्टा आहे, त्यावर खपली घट्ट बसली आहे. सासूबाई रोज रात्री कांद्याचं तेल कोमट करून चोळतात. शेजारच्या वहिनींनी बायोटिनच्या गोळ्या आणून दिल्या. त्या म्हणतात, इतक्या जहाल औषधांनीच केस जातात, थोडे दिवस बंद करून बघ. वैशाखात पुतण्याची मुंज आहे. सासूबाईंना वाटतं, सवाष्णीनं असं विरळ डोकं घेऊन मंगलकार्यात पुढे पुढे करू नये. मलाही जावंसं वाटत नाही. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते. किडनी वाचली तरी ही केसांचं घेऊन बसली, असं म्हणतील. गोळ्या बंद केल्या तर केस परत येतील का?
– गुंतवळ मोजणारी"

प्रिय मुली,

तू मावशी म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. गोळ्या बंद करू नकोस. एकही नको, एक दिवसही नको. हे छापून येईपर्यंत एखादी थांबवली असशील, तर आजच डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांग. स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. बाहेरून गोळी मिळायची सवय झाली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवत नाही, आणि पुन्हा बनवायला लागायला त्याला वेळ हवा असतो. मायकोफेनोलेट तुझ्या किडनीवर पहारा देतंय. तो पहारा केसांसाठी उठवायचा नाही.

हे मी सोसून सांगते आहे. मला रुमॅटॉइड संधिवात होऊन एकोणीस वर्षं झाली. तिसऱ्या वर्षी माझा भांग रुंद दिसायला लागला. आठवड्यातून एकदा संधिवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी घ्यायची असायची, तिच्यावर मी सगळं खापर फोडलं आणि घरात कुणाला न सांगता ती सोडली. सात आठवडे. केस काही आले नाहीत. एका सकाळी उठले तर उजव्या हाताची मूठ वळेना. ज्या केसांसाठी गोळी सोडली, ते विंचरायला फणी हातात धरता येईना. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेला जायच्या आधी ती माझी वेणी घालून जायची, आणि मी तिच्याकडे पाठ करून रडायची. गाडी रुळावर यायला सहा महिने लागले. डाव्या हाताचं मधलं बोट आजही सरळ होत नाही.

आता तुझं कॅलेंडर बघू, कारण केसांची गोष्ट तारखांवरून कळते. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद वाढीत असतात, बाकीचे विश्रांतीत. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. म्हणून धडधाकट माणसाचेही रोज ५० ते १०० केस जातात. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, आजाराची उसळी असा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. त्या दिवसांत काही दिसत नाही. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. तुझा ऑगस्ट आणि तुझी दिवाळी! गोळ्या तर तू ऑगस्टच्या कितीतरी आधीपासून घेत होतीस, तेव्हा केस असे गेले नव्हते. या गळतीला डॉक्टर टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. तिच्यात केसाचं मूळ शाबूत राहतं. नवा धक्का बसला नाही तर ती बहुधा सहा महिन्यांत ओसरते आणि केस परत येतात, पण महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर या चालीनं. मुंजीपर्यंत तुझा शेपटा परत येणार नाही. कपाळाच्या कडेला उभे राहणारे बोटभर आखूड केस मात्र दिसू लागतील, आणि ते नवे असतील.

मायकोफेनोलेटनं कुणाचेच केस विरळ होत नाहीत, असं मी म्हणणार नाही. काहींचे होतात. तसं असेल तर मात्रा किंवा औषध बदलता येतं का, हे तुझे रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवात-लुपसचे डॉक्टर, ठरवतील. शेजारच्या वहिनी नाही. एचसीक्यू तर केसांच्या बाजूची गोळी आहे. लुपसनं डोक्याची त्वचा धरली की खायच्या गोळ्यांत बहुधा तिलाच पहिला मान असतो. आणि लुपस स्वतःही केस खातो. आरशात कपाळाच्या रेषेवर बघ, तिथले केस राठ, आखूड, मध्येच तुटल्यासारखे आहेत का? तसे असतील तर आजार अजून आतून धुमसत असल्याची ती खूण असू शकते. हे डॉक्टरांना कळायलाच हवं.

आता मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ. तू गळतीबद्दल पानभर लिहिलंस आणि चट्ट्याबद्दल एक वाक्य. मला २१० केसांची तितकी काळजी नाही, त्या रुपयाएवढ्या जागेची आहे. लुपस असलेल्या बाईच्या डोक्यावर घट्ट खपलीचा लाल चट्टा असेल, तर पहिली शंका डिस्कॉइड लुपसची घ्यायची. त्यात सूज केसाच्या मुळाशी बसते आणि हळूहळू मूळच मरून तिथे व्रण होतो. कडेला काळसर आणि मध्ये पांढुरकी, गुळगुळीत अशी जागा झाली की तिथे पुन्हा केस उगवत नाही. डोकंभर विरळ होत गेलेले केस परत येतात, या चट्ट्यातले गेले ते गेलेच. पण लाल आणि खपलीच्या अवस्थेत उपचार सुरू झाले तर पुष्कळ वाचतं. वरून लावायचं औषध, चट्ट्यात द्यायची बारीक इंजेक्शनं, पोटातली गोळी कमीजास्त करणं, हे सगळं हाताशी आहे. म्हणून मुंजीनंतर बघू म्हणू नकोस. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

तो चट्टा डिस्कॉइडचाच असेल असं नाही. सोरायसिस असू शकेल. तुझ्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली आहे, म्हणून नायटाही असू शकेल. चाई म्हणावी तर तिच्यात त्वचा गुळगुळीत राहते, खपली धरत नाही. हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. डॉक्टर भिंगासारख्या डर्मोस्कोपनं बघतील, आणि शंका राहिली तर जागा बधिर करून मुगाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतील. बायोप्सी या शब्दाला घाबरू नकोस, एखाद्या टाक्याचं काम असतं. तोवर तीन गोष्टी पाळ. खपली नखानं काढू नकोस. मेडिकलमधून आणलेलं कुठलंही मलम लावू नकोस, नायट्यावर स्टेरॉइडचं मलम पडलं की तो आत पसरतो आणि ओळखू येईनासा होतो. आणि नायटा नाही हे कळेपर्यंत तुझी फणी, टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेव. एकदा नायटा नाही असं ठरलं की फणी परत सगळ्यांच्या फण्यांत ठेव. लुपस फणीतून कुणाला लागत नाही, हे घरात मोठ्यानं सांग.

चट्ट्यातून पू आला, दुखायला लागला, मानेला गाठी आल्या किंवा ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. केसांबरोबर तोंडात फोड, सांधे धरणं, लघवीला फेस यातलं काही दिसलं तरी तसंच.

सासूबाईंच्या तेलाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. दिवसभर राबून रात्री सुनेच्या डोक्याला तेल कोमट करून चोळणारी बाई आहे ती. पण ते तेल थांबवायला हवं. कोंडा आणि खाज बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिसची, म्हणजे तेलकट त्वचेच्या दाहाची असते. मॅलासेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्याच डोक्यावर राहते, ती तेलावर पोसते. म्हणजे रोज रात्री आपण तिला जेवायला वाढतो. त्यात कांद्याचा रस आधीच लाल झालेल्या कातडीला झोंबतो, आणि जोरानं चोळताना विश्रांतीतले केस हातात येतात. सासूबाईंना वाटतं तेल कमी पडतंय, त्या आणखी चोळतात. माझी एक विनंती आहे. त्यांना सांग, डोक्याला नको, तळपायाला लावा. काशाच्या वाटीनं तळपाय घासायला त्यांना नक्की येत असेल. त्यांचा हात तुझ्या अंगावरून फिरायला हवा, तो तोडू नकोस, फक्त त्याची जागा बदल.

कोंड्यासाठी २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू डॉक्टरांना विचारून आण. आठवड्यातून दोनदा, फेस डोक्यावर पाच मिनिटं राहू द्यायचा, मग धुवायचं, असं महिनाभर. घाई करून लगेच धुतलंस तर उपयोग नाही. न्हायल्यानं केस गळतात या भीतीनं न्हाणं लांबवू नकोस. न्हाणीच्या जाळीवर दिसतो तो केस मुळापासून आधीच सुटलेला असतो. चार दिवसांचे सुटलेले एकदम निघतात, म्हणून २१० दिसतात. इथे पाण्याची गोष्टही निघते. आपल्याकडे नर्मदेचं पाणी १९७८ पासून जलूदहून सत्तर किलोमीटर चढून येतं, तेही बहुतेक ठिकाणी एक दिवसाआड, आणि बाकी घर बोरिंगवर चालतं. बोरिंगच्या जड पाण्यानं केस राठ होतात, फेस होत नाही, गुंता वाढतो. मूळ मात्र त्यानं मरत नाही. जमलं तर नळाच्या दिवशी न्हा, नाहीतर शेवटची बादली नर्मदेची घे. आणि ओले केस बारीक फणीनं विंचरू नकोस.

बायोटिनची बाटली वहिनींना परत कर. बायोटिन खरोखर कमी असलेली माणसं फार थोडी. बाकीच्यांना त्याचा फायदा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. नुकसान मात्र होऊ शकतं. बायोटिनच्या मोठ्या मात्रेनं रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, थायरॉइडची त्यातलीच एक. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, याबद्दल २०१७ मध्ये डॉक्टरांना इशारा दिला होता. तुझी तर थायरॉइड तपासायलाच हवी, कारण ती कमी झाली काय किंवा वाढली काय, केस जातात. म्हणून निदान दोन-तीन दिवस आधी बायोटिन थांबव आणि घेत होतीस हे डॉक्टरांना सांग. थायरॉइडबरोबर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, व्हिटॅमिन डी यांचं विचार. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, पण अंगात आजाराचा दाह असताना तो आकडा उगाच वाढतो. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलेलं असलं तरी लोह कमी असू शकतं, हे डॉक्टरांच्या कानावर घाल.

बायोटिन गेलं की कुणीतरी गुळवेल आणून देईल, म्हणून आताच लिहिते. प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून जे जे विकतात ते आपल्यासारख्यांसाठी नाही. आपली प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती घरच्यांवरच हात उचलते, तिला शांत करायला आपण गोळ्या घेतो. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला. पण तुझ्या पोटात आधीच इतकी औषधं असताना त्या वादात तू कशाला पडतेस? केस लावून देणाऱ्या क्लिनिकच्या जाहिराती तर वाचूसुद्धा नकोस. आजार ताब्यात नसताना लावलेले केसही तोच आजार नेतो.

ऊन टाळ. लुपसला ऊन चालत नाही हे तुला माहीत आहे, पण केस विरळ झाल्यावर भांगही उघडा पडतो हे लक्षात येत नाही. घट्ट विणीचा सुती स्कार्फ डोक्याला बांध. उन्हाळ्यात दुपारी स्कूटरवर डोकं-तोंड गुंडाळून जाणाऱ्या मुली इंदूरच्या प्रत्येक सिग्नलला उभ्या असतात, त्यांच्यात तुझा स्कार्फ कुणाच्या लक्षातही येणार नाही. रंगपंचमी आली आहे. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, गॅलरीतून बघ, यंदा राजवाड्यावर जाऊ नकोस. त्या चट्ट्यावर रंग आणि ऊन दोन्ही नको.

आता मुंज. सासूबाई जे म्हणाल्या ते लागलं तुला, दिसतंच आहे. मलाही लागलं. पण ते कुठून येतं तेही मला ठाऊक आहे. माझ्या पणजीचं सतराव्या वर्षी केशवपन झालं होतं. घरात तिचा एकही फोटो नव्हता, कारण त्या डोक्यानं ती कधी कॅमेऱ्यासमोर बसली नाही. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला, तरी घराघरातली ती दहशत जायला आणखी दोन पिढ्या लागल्या. बाईचं डोकं रिकामं दिसलं की आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटात जो गोळा येतो, तो त्या दहशतीचा आहे. सासूबाई तुला अशुभ म्हणत नाहीत, तुझ्यासाठी घाबरतात. त्यांना एवढंच विचार: मुंजीत बटूच्या डोक्यावर वस्तरा फिरतो, शेंडीपुरते केस राहतात, तरी त्या दिवशी सगळ्यात मंगल डोकं त्याचंच असतं ना?

तेव्हा जा. काकू आहेस तू त्याची. जायच्या पंधरा दिवस आधी केस खांद्याच्या वर काप, आखूड केस दाट दिसतात आणि गुंता कमी होतो. मी कापले तेव्हा पार्लरमधली मुलगी दोनदा विचारत होती, "काकू, नक्की?" नक्की म्हणाले, आणि घरी येताना मान इतकी हलकी वाटली की रामबागेपर्यंत चालत आले. घट्ट अंबाडा नको, गंगावन नको, उरलेल्या केसांना त्यांचं ओझं ओढतं. टोप लावावासा वाटला तर खुशाल लाव, त्यात लपवाछपवी काही नाही, पण चट्ट्यावर क्लिप येणार नाही असा बघ आणि घरी आलीस की काढ. मोगऱ्याचा छोटा गजरा आखूड केसांतही पिनेनं बसतो. मांडवात कुणीतरी विचारेलच, अगं केसांना काय झालं? तेव्हा "आजारपणात गेले" एवढं म्हण आणि त्यांच्या हातात पेढा दे. सगळ्यांना सगळं सांगायला तू बांधलेली नाहीस.

राहिली डॉक्टरांची लाज. युरोप आणि अमेरिकेच्या रुमॅटॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून २०१९ मध्ये लुपस ओळखायचे निकष ठरवले. त्यात केस गळण्याला २ गुण आहेत आणि डिस्कॉइड चट्ट्याला ४. म्हणजे ज्याला तू नटणं समजून गप्प बसलीस, ते तुझ्या आजाराच्या हिशेबात किडनीच्याच वहीत लिहिलं जातं. खुर्चीत बसल्याबरोबर, ब्लडप्रेशरचा पट्टा बांधायच्या आधी, एवढंच बोल: "ऑगस्टमध्ये आजार उसळला, दिवाळीपासून केस जाताहेत आणि इथे चट्टा आहे, बघता का?" आणि मान खाली करून जागा दाखव. जायच्या दिवशी डोक्याला तेल नको. घरात कुणाला तरी सांगून चट्ट्याचा फोटो खिडकीच्या उजेडात, शेजारी रुपया धरून काढून ठेव, म्हणजे पुढच्या वेळी वाढला की घटला ते कळेल. त्यांनी तरीही हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्यांदा सांग. तरीही बघितलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखव.

मोजणं मात्र थांबव. आजवरचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून फाइलला लाव, ते डॉक्टरांच्या कामाचे आहेत. यापुढे महिन्याच्या एक तारखेला भांगाचा एक फोटो, त्याच खिडकीशी, तेवढा पुरे. रोज सकाळी वर्तमानपत्रावर वाकून आपणच आपला जीव मोजत बसतो, मी केलंय ते. माझ्याकडे तर श्रीखंडाचा रिकामा डबा होता, त्यात मी गुंतवळ साठवत होते, जणू कुणी परत लावून देणार होतं. मुलीनं एक दिवस न विचारता तो रिकामा केला. मी तिच्यावर ओरडले, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

त्वचारोगतज्ज्ञांची तारीख मिळाली की दोन ओळी लिही. तो चट्टा कशाचा निघाला, हे मला कळायला हवं.

तुझी,
मावशी